तीन बोटं फेस

बाई विद्यापीठात भूभौतिकी शिकवायच्या. भूभौतिकी म्हणजे काय, हे त्यांच्या आईला शेवटपर्यंत उमगलं नाही. कुणी विचारलंच तर आई सांगायची, "ती जमिनीला शॉक देते." आणि हे काही फार चुकीचं नव्हतं. चार पोलादी कांबी एका रेषेत जमिनीत ठोकायच्या, बाहेरच्या दोन कांबींतून वीज सोडायची आणि आतल्या दोन कांबींवर तिचा दाब किती भरतो ते मोजायचं. कोरडा खडक वीज अडवतो, ओली वाळू जाऊ देते. कांबींमधलं अंतर वाढवत नेलं की वीज खोल खोल उतरते, आणि वरच्या वर बसून पन्नास-शंभर मीटर खाली काय दडलंय याचा अंदाज बांधता येतो. अंदाज! हा शब्द बाईंच्या कामात जरा उशिराच आला.

नोकरीला लागल्या तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या. विभागात बाकी सगळे भूकंपावर नाहीतर खनिज तेलावर काम करणारे. भूजलावर काम करणारं कुणीच नव्हतं. विभागप्रमुखांनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं, "पाण्यात काही मिळत नाही. ना पेपर, ना परदेश." बाईंनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी तारांची दोन रिळं मागवायचा अर्ज दिला. पुढे त्या जिथे जात तिथे ही रिळं बरोबर असत, त्यामुळे गावोगावचे लोक त्यांना तारवाल्या बाई म्हणू लागले.

त्यांचा नवरा एका छापखान्यात मुद्रितं तपासायचा. दिवसभर लोकांच्या वेलांट्या दुरुस्त करून घरी यायचा आणि चहाबरोबर बायकोचे अहवाल वाचायचा. त्यातलं शास्त्र त्याला कळत नसे, पण वाक्य कुठे लंगडतंय हे बरोबर कळे.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका लहान गावाच्या नगरपालिकेनं विद्यापीठाकडे मदत मागितली. गावातल्या विहिरी गोड्या, पण उथळ. वस्ती वाढली होती, आणखी पाणी हवं होतं. बाई दोन विद्यार्थ्यांना घेऊन गेल्या, पाच दिवस गावाच्या कडेच्या माळावर तारा ओढल्या, आकडे घेतले. चाळीस मीटरवर चिकणमातीचा जाड थर दिसत होता आणि त्याच्या खाली वीज अशी काही सुसाट धावत होती की बाईंना आनंद लपवता येईना. एवढी वीज वाहते म्हणजे भरपूर ओल. खारं पाणीही वीज अशीच वाहून नेतं हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण समुद्र तिथून बसनं एक दिवसाच्या वाटेवर. तिथे खारं पाणी येणार कुठून?

अहवाल वाचताना नवऱ्याची पेन्सिल एका ओळीवर थांबली. "'साठ मीटरवर पाण्याचा मोठा साठा आहे.' आहे, की असावा?"

"आहे," बाई म्हणाल्या.

"नाही, मी आपलं विचारलं. तू खाली जाऊन बघून आलेली नाहीस ना."

"आकडे बघून आलेत," बाई म्हणाल्या. त्यानं खांदे उडवले आणि पुढच्या पानावरचा एक स्वल्पविराम काढला.

*

भोक पाडायला जो मिस्त्री आला तो पन्नाशीचा, बुटका, कानात कापसाचे बोळे घातलेला. यंत्राच्या आवाजानं एक कान गेलेलाच होता, दुसरा वाचवायचा त्याचा प्रयत्न चालला होता. शाळेचं तोंड त्यानं पाहिलेलं नव्हतं. पण खालून वर येणारा चिखल तो दर दोन मीटरला चिमटीत धरायचा, अंगठ्यानं चोळायचा आणि चक्क जिभेला लावायचा. बाईंचे विद्यार्थी तोंड फिरवून हसायचे.

अडतीस मीटरला त्यानं यंत्र बंद केलं.

"बाई, इथं थांबू या."

"का? अजून वीस-बावीस मीटर जायचंय."

"आतापर्यंतचं पाणी गोड आहे. बेताचं आहे, पण गोड आहे. आता ही निळी माती लागलीय. हिची चव बरोबर नाही. असली माती मी दोनदा पाहिलीय, दोन्ही वेळा खालून वाईट निघालं."

"वाईट म्हणजे काय?"

"खारट."

बाईंनी आलेख उघडून दाखवला. रेघ कशी खाली उतरते, समुद्र इथून किती लांब आहे, सगळं नीट सांगितलं. मिस्त्रीनं आलेखाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही शिकलेल्या आहात. म्हणाल तर जातो खाली. पण मी थांबा म्हणालो होतो, एवढं ध्यानात ठेवा."

"ठेवते. चला, सुरू करा."

एकसष्ट मीटरला पाणी लागलं. नुसतं लागलं नाही, आपल्या आपण उसळून वर आलं. मातीच्या थराखाली ते दबून बसलं होतं, वाट मिळताच नळीच्या तोंडातून हातभर उंच उडालं. माळावर जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरनं बाईंचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. मिस्त्री खाली वाकला, ओंजळीत पाणी घेतलं, तोंडात घोळवलं आणि बाजूला थुंकला. बाईंकडे बघितलंसुद्धा नाही.

बाईंनी स्वतः चाखलं. तोंड वाकडं होईल इतकं खारट.

झाकण लावून भोक बंद केलं. एक प्रयत्न फसला एवढंच, असं सगळ्यांनी ठरवलं. इंजिनिअर म्हणाला, होतं असं. पण गोष्ट तिथे संपली नाही. दाबातलं खारं पाणी झाकणाच्या आत अडकून पडलं, आणि नळीच्या बाहेरच्या पोकळीतून हळूहळू वरच्या गोड्या वाळूत शिरू लागलं. दीड महिन्यात जवळच्या तीन विहिरी खाऱ्या झाल्या.

*

विद्यापीठात पत्र येऊन थडकलं. चौकशीची बैठक ठरली. आदल्या दिवशी दुपारी विभागप्रमुखांनी बाईंना खोलीत बोलावलं, दार लोटून घेतलं.

"मी सगळं पाहिलंय. तुमचा अहवाल ठीक आहे. पाणी आहे म्हणालात, पाणी निघालं. ते वर पसरलं कारण नळीचे सांधे मिस्त्रीनं धड बसवले नव्हते. एवढं लिहून द्या."

"सांधे नीट होते. मी समोर उभी होते."

"तुम्ही भूभौतिक तज्ज्ञ आहात, प्लंबर नाही. सांध्यांतलं तुम्हाला काय कळतं?"

"त्याचा परवाना जाईल."

"असे मिस्त्री दहा मिळतात. तुमच्यासारखे दहा मिळत नाहीत, म्हणून सांगतोय," ते म्हणाले. वाईट म्हणजे, हे ते खरोखरच आपुलकीनं म्हणत होते.

घरी जाऊन बाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो कांदा चिरत होता. त्यानं तो चिरून संपवला. मग म्हणाला, "तू काय करायचं ते तू ठरव. पण ते पत्र मी तपासणार नाही."

बैठक नगरपालिकेच्या लांबट खोलीत झाली. भिंतीला ओल आलेली, टेबलावर हिरवं कापड, मिस्त्री दाराजवळच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसलेला. त्याला आपलं काय होणार हे ठाऊक होतं. त्याच्या डोक्यावर खापर फोडायची सगळी तयारी झालेली होती. बाईंना बोलायला सांगितलं तेव्हा त्या उभ्या राहिल्या. त्या मुद्दाम सावकाश बोलल्या.

"अडतीस मीटरला मिस्त्री थांबा म्हणाले होते. खाली खारट निघेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी ऐकलं नाही. आकडे मीच चुकीचे वाचले. सांधे नीट बसवलेले होते. चूक माझी आहे."

विभागप्रमुखांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून एक बाई उठली. पन्नाशीची, दंड पैलवानासारखे, हातांची कातडी पाण्यानं पांढरी पडलेली. तिची लाँड्री होती आणि खारी झालेली पहिली विहीर तिचीच. तिनं पिशवीतून एक पांढरा कोट काढला आणि टेबलावर आपटला. खाड्कन आवाज झाला.

"हा दवाखान्यातल्या डॉक्टरचा कोट. कापड होतं, पुठ्ठा झालाय. साबणाला फेस नाही, वर नुसता चोथा तरंगतो. चूक कुणाची ते तुमचं तुम्ही बघा. माझी विहीर गोडी कधी होणार तेवढं सांगा, प्रोफेसरीणबाई."

"माहीत नाही," बाई म्हणाल्या.

"निदान हे तरी खरं बोललात," लाँड्रीवाली म्हणाली आणि कोट उचलून चालती झाली.

बाहेर पायऱ्यांवर मिस्त्री बाईंची वाट बघत होता. तो आभार मानेल की काय, या कल्पनेनं बाई अवघडल्या. पण तो म्हणाला, "ते भोक बुजवायचं कोणी? वरवर बुजवून चालणार नाही. नळी उपसून खालपासून सिमेंट भरायला लागेल. मला चार दिवस लागतील. तुम्ही येणार का?"

"येणार," बाई म्हणाल्या.

*

बढतीच्या यादीतून बाईंचं नाव गेलं ते सहा वर्षं परत आलं नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांकडून लोलकाचे झोके मोजून घ्यायचं काम त्यांच्याकडे आलं. सहकारी वाईट वागत नसत, फक्त चहाला बोलवायचं विसरत. बाई लोलक मोजत राहिल्या, आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळच्या बसनं त्या गावाला जात राहिल्या. तिन्ही विहिरींतून पाणी काढायचं, त्यात मीटर बुडवायचा, खारेपणाचा आकडा वहीत लिहायचा, संध्याकाळच्या बसनं परत. हे करायला कुणी सांगितलेलं नव्हतं.

लाँड्रीवाली पहिले चार महिने त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही. दोर आणि बादली तेवढी काढून ठेवायची. आता तिला नदीवरून टाकीनं पाणी आणावं लागत होतं आणि त्यात तिच्या नाकी नऊ येत होते. पाचव्या महिन्यात ती मीटरकडे बोट दाखवून म्हणाली, "काय म्हणतंय तुमचं ते?"

"थोडं उतरलंय. मागच्यापेक्षा."

"खोटं आहे. काहीही उतरलेलं नाही. या इकडे."

तिनं बाईंना आत नेलं. वाफेनं कोंदलेली खोली, भट्टी, इस्त्रीची टेबलं, दोरीवर ओळीनं चादरी. खिडकीत सरबताची एक रिकामी बाटली होती. लाँड्रीवालीनं तिच्यात विहिरीचं पाणी घेतलं, चमचाभर साबणाचा कीस टाकला, बूच लावून वीस वेळा हलवली आणि टेबलावर ठेवून काचेला बोट आडवं लावलं.

"पूर्वी तीन बोटं फेस यायचा. शंभर मोजेपर्यंत टिकायचा. आता बघा. अर्धं बोटही नाही. दर सोमवारी करते मी हे."

"लिहून ठेवता?" बाईंनी विचारलं.

भिंतीवर कॅलेंडर होतं. प्रत्येक सोमवारच्या चौकटीत पेन्सिलनं आकडा: अर्धं, पाव, शून्य, पाव. विहीर बिघडली त्या आठवड्यापासून एकही सोमवार चुकलेला नव्हता. त्याआधीचीही पानं तिनं जपून ठेवली होती, कारण नवीन साबण घेताना ती अशीच पारख करायची. बाई कॅलेंडरसमोर उभ्याच राहिल्या. त्या स्वतः महिन्यातून एकदा यायच्या. इथे आठवड्याची नोंद होती, शिवाय विहीर बिघडायच्या आधीचीही काही. असलं काही साऱ्या विद्यापीठात कुणाकडे नव्हतं.

"मावशी, हे मला उतरवून घेऊ द्याल?"

"उतरवून घ्या. पण पान फाडायचं नाही."

त्या दिवसापासून बाई दोन आकडे लिहू लागल्या, मीटरचा आणि बोटांचा. दोन्ही सगळ्याच वेळी जुळायचे नाहीत. कधी मीटर म्हणायचा पाणी सुधारलं आणि फेस म्हणायचा काही नाही. त्यातूनच बाईंच्या ध्यानात आलं की मीठ आधी धुऊन जातं, पण मिठानं मातीतून बाहेर काढलेला चुना मागे रेंगाळतो, आणि साबणाशी वाकडं असतं ते या चुन्याचं. मग मिस्त्रीनं त्यांना आपण खारी माती पाहिलेल्या त्या दोन जागा दाखवल्या. तिथे जाऊन बाईंनी तारा ओढल्या, निळ्या मातीचे नमुने आणले. हजारो वर्षांपूर्वी तिथवर समुद्र होता. तो मागे हटला, पण त्याचं पाणी मातीखाली कोंडून राहिलं होतं. आलेखात कोंडलेलं खारं पाणी आणि गोडी ओल यांतला फरक कसा ओळखायचा, हे शोधायला बाईंना पाच वर्षं लागली.

पेपर लिहून झाला तेव्हा त्यावर तीन नावं होती. विभागप्रमुखांनी भुवया वर केल्या. "एक लाँड्रीवाली आणि एक अंगठेबहाद्दर? लोक हसतील."

"हसू देत," बाई म्हणाल्या. "निम्मी आकडेवारी त्यांची आहे."

मासिकाच्या संपादकांनीही विचारणा केली, या दोन लेखकांची पदं काय? बाईंनी लिहून कळवलं: एक कपडे धुते, एक भोकं पाडतो. पुढे कुणी काही विचारलं नाही. नवऱ्यानं मुद्रितं तपासली. "या वेळी 'असावे' तेवीस वेळा आलंय," तो म्हणाला. "चार काढले तरी चालतील. उगाच भित्री वाटतेस." त्यावर त्यांचं पाऊण तास भांडण झालं आणि तीन निघाले.

छापील प्रत मिस्त्रीला दिली, तेव्हा त्यानं विचारलं, "यात माझं नाव कुठंय?" बाईंनी बोट ठेवून दाखवलं. त्यानं त्या जागेवर अंगठा फिरवला, माती चोळायचा तसा. मग ती प्रत हत्यारांच्या पेटीत ठेवली. पुढे ज्या कुणाकडे तो काम करायला जाई, त्यांना ग्रीसच्या डागांनी भरलेले ते कागद आधी बघावे लागत.

पेपर चालला. लांबलांबच्या गावांतून बोलावणी आली, मग बाहेरच्या देशांतून. सातव्या वर्षी बढती मिळाली. लोलकाचे झोके दुसरं कुणीतरी मोजू लागलं. बाई मात्र पहिल्या शनिवारची बस धरायच्याच, आणि आता दोन-तीन विद्यार्थीही बरोबर यायचे.

नवव्या वर्षी, थंडीच्या दिवसांत, मीटरनं सलग चार महिने गोडं पाणी दाखवलं. बाईंनी लाँड्रीवालीला सांगितलं. ती साठीला टेकली होती, गुडघे धरले होते. दोन वर्षांपूर्वी गावाला नदीवरून नळ आला होता आणि लाँड्री आता नळावरच चालायची. विहिरीचं पाणी ती फक्त सोमवारी काढायची, बाटलीसाठी.

"तुझ्या मीटरचं राहू दे," ती म्हणाली. ती कधीपासून अगं-तुगं करू लागली होती ते दोघींनाही सांगता आलं नसतं. "बूच दे इकडे."

बाटली हलवून टेबलावर ठेवली. लाँड्रीवालीनं बोटं लावली. एक, दोन, तीन. मग शंभर मोजले, मोठ्यानं, एकही आकडा न गाळता. फेस तसाच होता.

"झाली बाई गोडी," ती म्हणाली आणि स्टुलावर बसली. पदरानं कपाळ पुसलं. "नऊ वर्षं. आणि आता मला नको आहे हे पाणी."

"माझ्यामुळे..." एवढंच बाई म्हणाल्या.

"तुझ्यामुळेच. ते काय पुसून जाणारंय का?" लाँड्रीवाली म्हणाली. आवाजात राग नव्हता. "माझे ती सात वर्षं जे हाल झाले ते झाले. पण पळून गेली नाहीस. आता चहा घे, बस चुकेल."

बाईंनी चहा घेतला. बस चुकलीच. लाँड्रीवालीच्या सुनेनं त्यांना स्कूटरवरून मोठ्या रस्त्यापर्यंत सोडलं.

पुढची पंधरा वर्षं बाई त्याच विभागात होत्या, त्यातली शेवटची सहा विभागप्रमुख म्हणून. मिस्त्री सत्तराव्या वर्षी, दोन्ही कान गेल्यावर, घरी बसला आणि दोन वर्षांनी वारला. बाई त्याच्या घरी भेटायला गेल्या होत्या. त्याच्या मुलाला ते ग्रीसचे कागद बाईंना परत द्यायचे की ठेवायचे हे कळत नव्हतं. बाई म्हणाल्या, ठेव.

विभागप्रमुख झाल्यावर त्यांनी एकच मोठा बदल केला. विभागाच्या प्रत्येक अहवालात आलेख, आकडे, निष्कर्ष यांच्याबरोबर आणखी एक रकाना सक्तीचा झाला: मिस्त्री काय म्हणाले. भोक पाडणारा माणूस काम चालू असताना जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं आणि निष्कर्ष त्याच्या विरुद्ध जात असेल, तर का ते खाली मांडायचं. तरुण प्राध्यापकांनी सुरुवातीला कुरकुर केली, मग सवय झाली. चिखल चाखायला मात्र बाईंनी कुणावर जबरदस्ती केली नाही.

निवृत्तीच्या महिन्यात त्यांच्याकडे सहीसाठी आलेल्या एका अहवालात विद्यार्थिनीनं या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिलं होतं: "मिस्त्री म्हणाले, मॅडम, भूक लागलीय, डबा खाऊन घेऊ, पाणी कुठं पळून जात नाही." आता हे ठेवायचं की काढायचं, म्हणून ती बिचारी दारात घुटमळत उभी होती.

"किती मीटरला म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"चव्वेचाळीस."

"मग खोलीही लिहा," बाई म्हणाल्या आणि सही केली.